हर्बर्ट शटलवर्थ विनीला फिरायला नेतो

फेरेटांना रोज बाहेर फिरवायचं, असं हर्बर्ट शटलवर्थने एका सकाळी अंडं उकडता उकडता ठरवलं. विचारलं असतं तर त्याने फेरेटांच्या तब्येतीचं कारण सांगितलं असतं. पण विचारणारं कोणी नव्हतं, आणि खरं कारण नेमकं तेच होतं.

त्याची बायको एडना, तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या सकाळी हर्बर्टच्या लक्षात आलं, की शुक्रवारपासून आपण कोणाशी बोललेलोच नाही. शुक्रवारचं बोलणं तरी काय? तळलेल्या मासे-बटाट्याच्या दुकानातली मुलगी बाटली उचलून म्हणाली, "व्हिनेगर?" आणि तो म्हणाला, "हो." (त्याला व्हिनेगर आवडत नसे. पण 'नको' म्हटलं असतं तर संभाषण तिथेच संपलं असतं. 'हो' म्हटल्यावर निदान "किती?" एवढं तरी पुढे आलं.)

त्याच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसायची. यॉर्कशरमधली गिरणी-कामगारांची जुनी गल्ली, एकमेकांना खेटून बांधलेली दगडी घरं. तिथे कुत्रेवाली माणसं थांबून थांबून एकमेकांशी बोलायची. कुत्र्याचं नाव, कुत्र्याचं पोट, मग हळूच स्वतःचे गुडघे, सुनेचे स्वभाव. कुत्रा हा नुसता निमित्तमात्र, हे हर्बर्टने ओळखलं होतं. पण कुत्र्यांची त्याला भीती वाटायची. घरात होती ती एडनाची दोन फेरेटं.

फेरेट म्हणजे मुंगसाचा गोरा चुलतभाऊ. अंग लांब, पाय आखूड, आणि कुठलंही भोक दिसलं की आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन नाही. हर्बर्टचे आजोबा फेरेटं सशांच्या बिळात सोडायचे. एडनाने ती सोफ्यावर सोडली. क्लेम हा तपकिरी, गुबगुबीत आणि अट्टल झोपाळू. विनी सायीच्या रंगाची, चपळ. दोघांच्याही लेखी हर्बर्ट म्हणजे एडनाच्या मागून पिशव्या घेऊन येणारा माणूस. एडना गेली, तेव्हा विनी रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसायची. मग एके दिवशी ती तिथून उठली, हर्बर्टच्या स्वेटरच्या बाहीत शिरली आणि झोपून गेली. तो हात तसाच लांब धरून बसून राहिला. समोरचा चहा गार झाला, पण हर्बर्टने हात हलवला नाही.

तर आता पट्टे आणायला तो पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेला. दुकानाच्या मालकीण मिसेस थ्वेट.

"आधी काही दिवस घरातच घालून सवय करा," त्या म्हणाल्या. "आणि घट्ट आवळा. फेरेटला खांदे नसतात हो. मागे सरकलं की पट्टा तुमच्या हातात आणि जनावर पसार. घुंगरू बांधा. कुत्र्यांपासून लांब राहा. बिळांपासून तर फारच लांब."

"बरं."

"दोघांना एकदम सोडू नका. एक पिशवीत, एक पट्ट्याला."

"बरं," हर्बर्ट म्हणाला. (त्याला अजून बोलायचं होतं. पण मागे एक बाई पोपटाचं खाणं घेऊन उभी होती.)

पहिली फेरी बागेत झाली. हर्बर्ट टाय लावून गेला होता. समोरून एक गृहस्थ आले, थबकले. हर्बर्टने हसून तोंड उघडलं.

"अहो, तुमच्या मागे उंदीर लागलाय!" एवढं ओरडून ते गृहस्थ झाडामागे गेले. तेवढ्यात एक बुलडॉग आला, आणि मग हर्बर्टही त्याच झाडामागे गेला. दोघं बराच वेळ तिथे शेजारी शेजारी उभे होते. पण गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने कबरस्तान निवडलं. फाटकावर 'कुत्र्यांना मनाई' अशी पाटीच होती. एडना तिथे नव्हती. तिची राख तिच्या इच्छेप्रमाणे समुद्रात सोडली होती, त्यामुळे बिचाऱ्याला भेटायला जायला जागाही नव्हती. पण गवत छान होतं, ऊन कोवळं होतं. विनी घुंगरू वाजवत पुढे, क्लेम पिशवीत घोरत. हर्बर्टला वाटलं, पट्टा तिला काचत असेल. तो वाकला, आणि त्याने तो एक भोक सैल केला.

विनीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरकली, आणि पट्टा हर्बर्टच्या हातात राहिला. एका नव्या कबरीच्या दगडाशी सशाचं बीळ होतं. विनी त्यात गेली. घुंगरू पट्ट्यालाच होतं.

हर्बर्टने हाका मारल्या. शीळ घातली. शेवटी तो सरळ कबरीवर पालथा पडला आणि बिळाला तोंड लावून बोलू लागला.

"ये ना गं राणी. अशी किती वेळ आत पडून राहणार? तिथे थंडी असेल, अंधार असेल. माझ्या कुशीत झोपायची सवय तुला. तू नाही आलीस तर मी त्या घरात कसा राहू सांग. माझी गोरी बाय ती."

"ए! उठ तिथून!"

मागे एक माणूस उभा होता. दारातून आडवं शिरावं लागेल एवढा रुंद, काळा सूट, हातात शेवंतीची फुलं.

"किती दिवस चाललंय हे?" तो गुरगुरला.

"अर्धा तास झाला असेल," हर्बर्ट रडवेला होऊन म्हणाला.

"आत्ताचं नाही विचारत! ओळख कधीपासूनची?"

"चार वर्षांची. पण आधी ती माझ्याकडे ढुंकून बघायची नाही हो. माझी बायको गेली, मग जवळ आली."

"जवळ आली?"

"आपणहून. रोज संध्याकाळी यायची. स्वेटरात शिरायची."

फुलांचे देठ चुरगळल्याचा आवाज आला. "स्वेटरात?"

"बाहीतून. मग तिथेच झोपायची."

त्या माणसाने एकदा हर्बर्टच्या बाहीकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. त्याचा चेहरा थोडा गोंधळला. मनात काहीतरी मापं घेतली जात असावीत.

"आणि तुझ्या बायकोला हे चालायचं?"

"तिनेच तर आणली! फक्त घोट्याला चावते, म्हणून मी कुरकुर करायचो. पण ते आपलं लाडात."

"माझी मार्जरी आयुष्यात कोणाला चावली नाही!"

"मार्जरी कोण?"

"तू जिच्यावर पालथा पडलायस ती!"

हर्बर्टने मान वर करून दगड वाचला. मार्जरी बूथरॉइड, सिरिलची लाडकी पत्नी. तो असा काही उडाला, की पिशवीतला क्लेमसुद्धा एक डोळा उघडून पुन्हा झोपला. मग पट्टा दाखवून, बीळ दाखवून, आणि शेवटी पुरावा म्हणून क्लेमला शेपटीपर्यंत बाहेर काढून त्याने सगळं सांगितलं. क्षमा तर इतक्या वेळा मागितली, की सिरिल बूथरॉइडने कंटाळून हात वर केला.

"पुरे. बस आता."

तो स्वतःच कबरीच्या कडेला टेकला. त्याचे खांदे हलायला लागले. हर्बर्टला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. म्हणजे, निम्मा हसत होता.

"मार्जरीला फार आवडलं असतं हे," सिरिल डोळे पुसत म्हणाला. "एकदा मला म्हणाली होती, इतकी वर्षं झाली, तू माझ्यावर कधी साधा संशयसुद्धा घेतला नाहीस."

दोघं बिळाकडे बघत बसले.

"नाही आली तर?" हर्बर्टने विचारलं. सिरिलने खिशातून सँडविच काढलं, त्यातला हॅमचा तुकडा सोडवला आणि बिळाच्या तोंडाशी ठेवला. (तो रोज इथे बसून दुपारचं जेवण जेवत असे, हे त्याने सांगितलं नाही, पण हर्बर्टला कळलं.)

ऊन कलायला लागलं तेव्हा बिळातून एक मातकट नाक बाहेर आलं. विनीने हॅम खाल्लं, मिशा पुसल्या. हर्बर्टने हात पुढे केला, बाही सैल केली. विनीने ती बाही हुंगली, तिला वळसा घातला, आणि तुरुतुरु जाऊन सिरिलच्या कोटाच्या बाहीत शिरली. तिथे ती झोपली.

"हलू नका," हर्बर्ट म्हणाला. त्याला आनंद झाला होता, तरी आपली रिकामी बाही त्याने अजून पुढेच धरून ठेवली होती.

"मी कशाला हलतोय," सिरिल हळू आवाजात म्हणाला. तो खरंच हलला नाही. फाटक बंद करणारा माणूस येईपर्यंत दोघं तसेच बसले होते.

हर्बर्टने त्याला रविवारी चहाला बोलावलं. वर्षात पहिलाच पाहुणा! त्याने पडदे धुतले, केक केला (मधोमध बसला, पण जॅम भरल्यावर ते हेतुपुरस्सर वाटायला लागलं), आणि बोलायचे विषयसुद्धा मनात लावून ठेवले: पाऊस, गुडघे, एडना, मार्जरी, या क्रमाने.

सिरिल वेळेवर आला. दारातूनच म्हणाला, "पट्टे दे."

"आधी चहा..."

"चहा मागून. पोरांना जरा फिरवून आणतो. घट्ट आवळतो, काळजी नको. तू बस, तुझी पाठ दुखत असेल."

हर्बर्ट बसला. खिडकीतून बघू लागला. सिरिल कोपऱ्यापर्यंतही पोचला नव्हता, तोच समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या. मग कुत्रेवाला एक, मग दुसरा. कोणी खाली वाकलं, कोणी क्लेमचं पोट खाजवलं, कोणी सिरिलच्या खांद्यावर हात ठेवला. गल्लीत हास्याचा फवारा उडाला. आत हर्बर्टने चहा दुसऱ्यांदा गरम केला. मग तिसऱ्यांदा.

सिरिल परत आला तो गालांवर लाली घेऊन. त्याने केकचा मोठा तुकडा उचलला.

"काय गप्पिष्ट माणसं आहेत रे तुझ्या गल्लीत! सोडेनात मला. समोरच्या बाई तर विचारत होत्या, की हे घर वर्षभर रिकामंच आहे ना, भाड्याने द्यायचंय का?"

हर्बर्टने किटली खाली ठेवली. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, छे हो, रिकामं कुठलं," सिरिल तोंडात केक घेऊन म्हणाला, "चांगली दोन फेरेटं राहतात तिथे."