हेफेले यांनी जपलेले टायर

निघायची वेळ सकाळी सातची ठरली होती आणि सातला हेफेले नवराबायको गाडीत बसले होते. आमच्या उंटरबाखिंगनमध्ये ठरलेली वेळ आणि खरी वेळ एकच असते. गाडी दोन माणसांची, चंदेरी, जमिनीला टेकलेली. एबरहार्ट हेफेलेने ती स्वतःच्या पन्नाशीला घेतली होती. तेव्हापासून इर्मट्राउट म्हणत होती की या गाडीतून एकदा गार्डा सरोवराला जाऊ, पाण्यात पाय सोडून बसू. आणि तेव्हापासून तो म्हणत होता, "एवढ्या लांब नेली तर टायर झिजतील." असं चौदा वर्षं चाललं. मात्र तिच्या साठीला नक्की नेईन, असा शब्द त्याने दिला होता, आणि कालच ती साठ वर्षांची झाली होती.

एबरहार्टची सगळी नोकरी कारखान्यात सुटे भाग मोजण्यात गेली होती, त्यामुळे जपणूक म्हणजे काय ते त्याला विचारावं. हिवाळ्यात तो गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवी, टायरांवर भार नको म्हणून. वर लोकरी घोंगडी. इर्मट्राउटच्या दुखऱ्या गुडघ्यांना तसली घोंगडी कधी मिळाली नाही. चौदा वर्षांत गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर चालली होती, तीही कोरड्या रविवारी.

तर अशी ही गाडी गावाची वेस ओलांडायच्या आत, ताशी तीसच्या वेगात, पाववाल्याच्या दुकानासमोर फुटली. म्हणजे तिचा मागचा डावा टायर फुटला. सातला पावासाठी रांग असते, त्यामुळे बघायला अर्धं गाव हजर होतं. अडीचशेच्या वेगात फुटला असता तर आम्हीही हळहळलो असतो. तीसला फुटलेल्या टायरसाठी हळहळायचं तरी कसं?

असल्या गाडीत जादा चाक नसतं, फुटक्या टायरात फेस भरायचा एक डबा असतो. एबरहार्टने तो काढला, सूचना दोनदा वाचल्या आणि नळी लावली. डबाही गाडीच्याच वयाचा होता. डब्याने एक उसासा टाकला आणि चमचाभर फेस एबरहार्टच्या बुटावर सोडला. शेजारी राहणारा क्नाउस रांगेतून पुढे आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "दाढीपुरता आहे."

गाडी ओढून रोमिंगर बाईंच्या टायरच्या दुकानात नेली. तिथे एबरहार्टने खिशातून एक युरोचं नाणं काढलं. नाणं नक्षीच्या चरीत उभं धरायचं आणि त्याची सोनेरी कड बाहेर दिसली की टायर बाद, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. एबरहार्ट तर रस्त्यात उभ्या असलेल्या लोकांच्या गाड्यांनाही नाणं लावून बघे आणि काचेवर चिठ्ठी ठेवून जाई.

"बघा, कड दिसतेय का? नवीकोरी नक्षी आहे," तो म्हणाला.

रोमिंगर बाईंनी नाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. "बत्तिसावा आठवडा, सन दोन हजार अकरा. हेफेले साहेब, नक्षी नवी आहे, पण रबर म्हातारं झालंय. या भेगा बघा."

"अहो पण मी ते वापरलेच नाहीत."

"तेच म्हणतेय मी. न वापरताच म्हातारे झाले."

मागे उभ्या असलेल्या इर्मट्राउटला एकदम भडभडून आलं. टायरांसाठी नव्हे.

चारही बदलावे लागणार होते. बाईंनी तीन प्रकार सांगितले. एक कडक रबराचा, जो खूप टिकतो पण गाडी थांबायला वेळ लावतो. दुसरा मऊ, जो रस्ता घट्ट धरतो आणि भराभर झिजतो. तिसरा बाराही महिने चालणारा. तिसऱ्याचं नाव ऐकून एबरहार्टने बाईंकडे असं पाहिलं की त्यांनी तो विषय सोडून दिला. उरले दोन. उद्या सांगतो म्हणून तो घरी गेला.

तो उद्या काही उगवला नाही. एबरहार्टने स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लावला. ओल्या रस्त्यावरची पकड, कोरड्या रस्त्यावरची पकड, आवाज, वजन. चार कंपन्यांना फोन करून तेवीस प्रश्न विचारले. गुरुवारी खानावळीतल्या नेहमीच्या टेबलावर विषय निघाला, तेव्हा सहा माणसांनी सात मतं दिली, कारण क्नाउसने घरी जाता जाता मत बदललं. तक्त्याला आणखी दोन रकाने जोडावे लागले. सरोवराकाठच्या हॉटेलची तारीख दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा फोन केल्यावर मालकीण म्हणाली की आठवड्याभरात आलात तर ठीक, नंतर आम्ही बंद करतो.

अकराव्या दिवशी सकाळी इर्मट्राउटने मसूर शिजत ठेवले, कोट घातला आणि ती एकटीच दुकानात गेली.

"रोमिंगर बाई, सगळ्यात लवकर झिजतात ते द्या."

वीस वर्षांच्या धंद्यात असं मागणारं गिऱ्हाईक बाईंनी पाहिलं नव्हतं. इर्मट्राउटने कारण सांगितलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग एक कागद घेतला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: हे टायर पंधरा हजार किलोमीटर किंवा सहा वर्षं. सहा वर्षांनी बाद, वापरा नाहीतर वापरू नका.

तो कागद एबरहार्टने जेवताना वाचला. चमचा खाली ठेवला. पुन्हा वाचला. मग पेन्सिल घेतली.

"म्हणजे वर्षाला अडीच हजार किलोमीटर," तो हळूच म्हणाला. "आपण चालवतो चारशे. म्हणजे इर्मट्राउट, उरलेलं रबर उभ्याउभ्या फुकट जाणार?"

फुकट जाणं आमच्याकडे कुणाला सोसत नाही. इथे लोक शिळ्या पावाचंही पक्वान्न करतात. त्यात एबरहार्टच्या गाडीच्या नंबराच्या पाटीवरच छापलंय, एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे महिने ती रस्त्यावर आणायला कायद्याची परवानगी नाही. सप्टेंबर निम्मा संपला होता आणि पहिल्या वर्षातलं एक मिलिमीटरही झिजलं नव्हतं. त्याच संध्याकाळी गाडीला ते मऊ टायर बसले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला शेजाऱ्यांना चंदेरी गाडीचा आवाज ऐकू आला.

सरोवर इर्मट्राउटने मनात धरलं होतं तसंच निघालं. निळं, शांत, काठावर लिंबाची झाडं. तिने बूट काढले, कॉफी मागवली आणि एक पाय पाण्याकडे नेला. एबरहार्ट किल्ली घेऊन समोर उभा होता.

"चल. वळणांवर टायर जास्त झिजतात. इथे वळणंच वळणं आहेत."

त्या दिवशी त्यांनी सरोवराला चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने मारली, उजवे टायर मागे पडू नयेत म्हणून. तीन दिवस इर्मट्राउटने सरोवर पाहिलं ते खिडकीतून, धावतं. तिचे पाय कोरडेच होते.

चौथ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावरून तिने किल्ली उचलली. "आज मी झिजवते. तू बस इथे."

"तुला ती गाडी झेपायची नाही."

"चाळीस वर्षं तू झेपलास," ती म्हणाली आणि निघाली.

एबरहार्ट काठावर बसून राहिला. करण्यासारखं काही नव्हतं, तक्ता घरी होता. थोड्या वेळाने समोरच्या उतारावर त्याला एक चंदेरी ठिपका धावताना दिसला. आपली गाडी धावताना बाहेरून तो पहिल्यांदाच पाहत होता. ती फार सुंदर दिसत होती. आपण चौदा वर्षं काय केलं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले.

तीन तासांनी इर्मट्राउट परतली. डोक्याचा रुमाल कुठेतरी उडून गेला होता, केस पिंजारले होते, गाल लाल झाले होते. एबरहार्टने शेजारी तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, कॉफी मागवून ठेवली होती.

"बस," तो म्हणाला. "आता कुठं जायचं नाही. झिजू दे नाहीतर राहू दे. तू म्हणत होतीस ना, पाण्यात पाय सोडून बसू."

तिने खुर्चीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, त्याच्या पांढऱ्याफटक पायांकडे पाहिलं. मग तिने कॉफी उभ्यानेच संपवली.

"तू बस रे निवांत," ती म्हणाली. "पलीकडच्या काठाला वळणावळणाचा एक घाटरस्ता आहे, मघाशी राहून गेला. मी आलेच."