कापडाची सायकल

सोन्नरभाऊंना कुठंही उभी असलेली सायकल दिसली की ते आधी ती उचलून बघत. मालकाची ओळख असो वा नसो. मधल्या दांडीखाली दोन बोटं घालायची, सायकल वीतभर वर घ्यायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. आमची ओळखही अशीच झाली. सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये आम्ही नवीन राहायला आलो होतो. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस माझी लेडीज सायकल हातात धरून डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, चोर.

"बाई," तो डोळे उघडून म्हणाला, "ही सायकल नाय. ही गाभण म्हैस हाय. कितीला घेतली?"

मी किंमत सांगितली. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू घरातलं कुणीतरी गेल्याची बातमी मीच त्याला दिली असावी. मग हळूच सायकल खाली ठेवली. "शेजारी हावोत आपण. पुढच्या टायमाला विचारून घेत जा."

लोक ह्या सवयीला वैतागत. एकदा आमच्याकडं माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाची सायकल नवी कोरी. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि बाहेरून सोन्नरभाऊंचा आवाज आला, "नुसतं लोखंड हाय, ताकद नाय!" ते सायकलीबद्दल होतं हे पाहुण्यांना पटवता पटवता माझ्या वडिलांना घाम फुटला. ते स्थळ पुन्हा आलं नाही.

भाऊ मूळचे अजिंठ्याकडचे, धनगराचे. वडिलांची मेंढरं होती. आठवडी बाजारात वडील कोकराच्या पोटाखाली हात घालून ते उचलत आणि किंमत सांगत, असं ते अभिमानानं सांगायचे. "पण बापाच्या बाजारात जड ते महाग. सायकलीच्या बाजारात हलकं ते महाग. हिशोब उलटा हाय, बाई. इथं जे नाय त्याचे पैसे मोजायचे." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. चिकलठाण्याला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा मेंढरं थोरल्या भावाकडं सोडून ते इकडं आले आणि फायबरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. कापडाचे थर साच्यात घालायचे, त्यावर चिकट रसायन ओतायचं, वाळलं की दगडासारखं घट्ट होतं, असं ते काम.

तिथंच त्यांना वाघमारे भेटले. सावळे, ठेंगणे, कमी बोलणारे. रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाघमाऱ्यांची घंटी वाजे आणि दोघं बरोबर जालना रोडनं कामावर जात. सोन्नरभाऊ वाटभर बोलत आणि वाघमारे "हां" म्हणत. दुपारी डबे एकत्र उघडत. गयाबाई, म्हणजे सोन्नरभाऊंची बायको, ठेच्याच्या दोन डब्या भरत. एक नवऱ्याला, एक "वाघमारेभाऊंना, त्यांना तिखट लागतंय."

गयाबाईंचं एकच मागणं होतं. स्कूटर. आमच्या औरंगाबादेत स्कूटरी बनत. पण गावच्या माणसालासुद्धा नंबर लावून वाट बघावी लागे. नंबर लावून कितीतरी दिवस झाले होते. मागच्या सीटवर बसायला कोणतं लुगडं नेसायचं हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला जायचं, मागं बसून, डोक्यावरचा पदर एका हातानं धरून.

नंबर लागला. त्याच आठवड्यात सोन्नरभाऊ फर्दापूरला भाच्याच्या लग्नाला गेले.

अजिंठ्याच्या घाटात एक परदेशी पाहुणा सायकलवरून पडला होता. जग बघत हिंडणारा होता. पाय मोडला, दोन्ही चाकांचा चुराडा झाला. लग्नातली जीप घेऊन सोन्नरभाऊंनी त्याला शहरात आणलं, दवाखान्यात घातलं, दोन दिवस उशाशी बसले. त्याची भाषा ह्यांना येत नव्हती, ह्यांची त्याला. पण जीपमध्ये ती मोडकी सायकल चढवताना भाऊंनी सवयीनं दांडीखाली दोन बोटं घातली होती, आणि ती वर आली ती जवळजवळ त्यांच्या तोंडावरच आपटली. इतकी हलकी.

"बाई, कोकरू पण तेवढं हलकं नसतंय," ते मला नंतर सांगत होते.

तो माणूस विमानानं परत निघाला तेव्हा त्यानं सायकलीचा तो काळा सांगाडा ह्यांना देऊन टाकला. दुभाषाचं काम करणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं, ही कार्बनची आहे, डोंगरात चालवायची. ह्याच्या देशात हिच्या मोलात जुनी मोटार येते. आणि इथं सोन्नरभाऊंनी जे केलं ते ऐकून आमची सगळी गल्ली कपाळाला हात लावून बसली. त्यांनी फुकट घ्यायला नकार दिला. "फुकटच्या मालाला मोल नसतंय," म्हणाले, आणि स्कूटरसाठी काढून ठेवलेले पैसे त्या माणसाच्या उशाखाली ठेवून आले. तो नको नको म्हणत होता. ह्यांना वाटलं, कमी पडले म्हणतोय. म्हणून मनगटातलं घड्याळही काढून दिलं.

सांगाडा घोंगडीत गुंडाळून घरी आला. गयाबाई दारात उभ्या.

"स्कूटर कुठंय?"

"ही घे."

"हिला चाकं नायत."

"येतील."

"सीट?"

"येईल."

"मग आलंय काय?"

"मोल आलंय, मोल! बाजारात ह्याच्या दोन स्कुटरी येतील."

"मग जावा, विका, अन् दोन आणा," असं म्हणून गयाबाई आत गेल्या. पुढं कित्येक दिवस त्या नवऱ्याशी भांड्यांच्या आवाजातच बोलत होत्या.

कार्बन म्हणजे काय हे शोधायला भाऊ आधी माझ्याकडं आले. शाळेच्या प्रश्नपत्रिकांसाठी मी कार्बन पेपर वापरायची. त्यांनी एक कागद घेऊन चोळला, बोटं काळी केली आणि संशयानं विचारलं, "हेच का?" नाही म्हटल्यावर, कारखान्यातल्या मालासारखं हेही कापडाच्या थरांचंच असणार असं धरून ते गुलमंडीच्या बाजारात गेले. तिथल्या कापडवाल्यांना काळा सांगाडा दाखवून म्हणाले, "ह्या जातीचं कापड आहे का?" एका दुकानदारानं गंभीरपणे विचारलं, "शर्टपीस चाहिये या पँटपीस?" त्या दिवसापासून गल्लीत ती 'कापडाची सायकल' झाली.

तिची खरी परीक्षा वाघमाऱ्यांनी घेतली. एका रविवारी ओट्यावर मांडी घालून बसले, खिशातून नाणं काढलं आणि सांगाड्यावर टोकापासून टोकापर्यंत हळूहळू वाजवत गेले. टण, टण, टण. खालच्या सांध्यापाशी आवाज बदलला. ठक.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. रोजच्या कामात तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"आतून सुटलंय," वाघमारे म्हणाले.

सोन्नरभाऊंचा चेहरा पडला. बायकोचं स्वप्न मोडून आणलेली वस्तू मोडकीच निघाली होती. वाघमाऱ्यांनी त्यांच्याकडं न बघता नाणं खिशात घातलं. "जोडू की. आपलंच काम हाय. अन् चाकांचे आस मी लेथवर काढतो. टाइम लागंल."

मग रविवारमागून रविवार त्या ओट्यावर गेले. घासायचं, थर लावायचा, वाळू द्यायचं, नाणं वाजवायचं. सोन्नरभाऊ बोलत आणि वाघमारे "हां" म्हणत. गयाबाईंचा राग ओसरला आणि चहा यायला लागला. इतके खूष सोन्नरभाऊ मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा लढा तेव्हा बरीच वर्षं चालला होता. पहिल्या दंगलीत वाघमाऱ्यांच्या बहिणीचं खेड्यातलं घर जाळलं होतं. ते त्याबद्दल बोलत नसत. मोर्चा असला की रजा टाकत, जात, परत येत. एका रविवारी हात पुसत ते म्हणाले, "गुरुवारी धरणं हाय, कलेक्टर कचेरीपुढं. तू येतोस का?"

"मी?"

"बोलायचं काय नाय. नुसता शेजारी बस. आमचेच आम्ही किती दिवस बसायचं?"

"येतो की!" भाऊ म्हणाले. मी कुंपणापलीकडं कपडे वाळत घालत होते. त्यांनी ते मनापासूनच म्हटलं होतं.

ही गोष्ट गावी कशी पोचली कोण जाणे. बुधवारी संध्याकाळी थोरला भाऊ सिल्लोडच्या गाडीनं आला. आमच्या दोन घरांत एकच भिंत, सगळं ऐकू येत होतं. तो ओरडत नव्हता. रडकुंडीला आला होता. "तू शहरात ऱ्हातोस. मेंढरं मला पोसायचीत. तू तिथं बसलास तर पाटलाच्या रानात मला चराई मिळंल का? अख्खं गाव दार लावंल. सांग, कुठं जाऊ मी कळप घेऊन?"

सोन्नरभाऊंनी गयाबाईंना भावासाठी ताट वाढायला सांगितलं.

गुरुवारी ते कामावर गेले नाहीत आणि धरण्यालाही नाहीत. दिवसभर ओट्यावर बसून फडक्यानं तो सांगाडा पुसत होते. आधीच लख्ख होता.

शुक्रवारी घंटी वाजली नाही. वाघमाऱ्यांनी सकाळची पाळी मागून घेतली होती, भाऊंची नेहमीची जनरलच राहिली. भांडण झालं नाही, शब्दानं शब्द वाढला नाही. वाघमारे नुसते यायचे थांबले. गयाबाईंनी दुसरी डबी फळीवर ठेवून दिली.

पुढं एक गिऱ्हाईक आलं. कुणा कारखानदाराचा मुलगा, परदेशात शिकून आलेला. त्यानं सांगाडा पाहिला आणि लहान पोरासारखा त्याच्यापुढं उकिडवा बसला. स्कूटर येऊन वर उरेल एवढी किंमत बोलला. दाराआड गयाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"खाली तडकलेली हाय," सोन्नरभाऊ म्हणाले. "जोडलीय, पण काम बाकी हाय."

"चालेल. मी करून घेतो."

"तसं नाय. आम्ही दोघं जोडतोय. जोडून झाली की बघू."

मुलानं ओट्यावर इकडंतिकडं पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं. गयाबाईंनी माझा हात सोडला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिल्या.

नामांतर झालं ते संक्रांतीला. दुपारी भाऊ तिळगुळाचा डबा घेऊन माझ्या दारात आले. इस्त्रीचा सदरा घातलेला. "बाई, वाघमारेकडं जायचंय. तुम्ही चला. एकट्यानं पाय उचलंना."

वाघमाऱ्यांच्या वस्तीत हलगी वाजत होती, बाया एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, पोरांची डोकी निळीनं माखलेली. वाघमारे घरात होते. कपाळावर निळा टिळा, आवाज बसलेला. त्यांनी आम्हाला बसवलं. त्यांच्या मंडळींनी चहा टाकला. सोन्नरभाऊंनी डबा पुढं केला, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"त्या दिवशी मी आलो नाय," शेवटी म्हणाले.

"हां."

"आज आलो."

वाघमाऱ्यांनी एक लाडू उचलला, तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. "आज यायला काय लागतंय, सोन्नर?"

बाहेर हलगी जोरात होती. सोन्नरभाऊंनी मान हलवली, एखादी अचूक किंमत ऐकावी तशी. आम्ही चहा घेतला. उठताना वाघमाऱ्यांनी विचारलं, "ती विकलीस का?"

"नाय. तुझं आसाचं काम राहिलंय ना."

"विकून टाक," वाघमारे म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "वहिनीला स्कूटर घे."

भाऊंनी विकली. त्याच मुलाला. तडा कुठं आहे हे त्यांनी इतक्या वेळा समजावून सांगितलं, की मिळाली ती किंमत बोललेल्याच्या निम्मी. सांगाडा मोटारीत ठेवताना त्यांनी तो उचलला नाही. मुलालाच उचलायला सांगितला.

स्कूटर आली, जुनी, हिरव्या रंगाची. गयाबाई ठरवलेलं लुगडं नेसल्या. भाऊंनी रजा काढली होती. मी हळदीकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि दोघं खंडोबाला निघाले. परत यायला बराच उशीर झाला. संध्याकाळी गयाबाई माझ्याकडं आल्या आणि पायरीवर टेकल्या.

"झालं का दर्शन?"

"कुठलं! चिकलठाण्याला गेलतो."

"कारखान्यात? रजेच्या दिवशी?"

"गेटासमोर, लिंबाखाली उभे राहिलो. मी म्हणलं, काय हाय इथं? तर म्हणले, थांब. सकाळची पाळी सुटली. वाघमारेभाऊ सायकलवर भाईर आले. मला वाटलं आता हाक मारत्याल. मारली नाय. ते पुढं गेल्यावर ह्यांनी गाडी चालू केली, अन् त्यांच्या मागं मागं, सायकलीच्या चालीनं. मागनं ट्रकवाले शिव्या घालत होते. गाडी दोनदा बंद पडली."

"त्यांनी पाहिलं का मागं?"

"नाय. मुकुंदवाडीच्या वळणावर त्यांनी असा हात काढला." गयाबाईंनी उजवा हात बाजूला धरून दाखवला. "वळायचा होता, का आणखी कशाचा, मला काय कळलं नाय. ते वळून गेले. आम्ही तिथंच उभे."

"मग?"

त्यांनी पदर सारखा केला. "ह्यांचे खांदे हालत होते. मी म्हणलं, मागं बसून लई छान वाटतंय, अजून थोडं हिंडवा. मग हिंडवलं."