दाजींचा नेहमीचा मयत

आमच्या दाजींनी मला आजवर अकरा वेळा मारलंय. साप चावून, बाळंतपणात, एकदा तर चुकीचं रक्त चढवून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, लातुरातले डॉक्टर. जिल्हा नवा झाला आणि दवाखान्याच्या तक्रारी ऐकायचं काम त्यांच्याकडं आलं. उपचारात भलतं काही घडून रोगी गेला, तर नातेवाइकांना कसं सांगायचं, हे ते दर शनिवारी दुपारी डॉक्टरांना शिकवत. त्यासाठी मयत लागायचा. "तू लई छान निपचित पडतोस," म्हणाले. इतकी वर्षं मास्तरकी करून मिळालेलं हे माझं एकमेव प्रशस्तिपत्र.

रिकाम्या वॉर्डात, खाटेवर, पांढऱ्या चादरीखाली मी. डॉक्टरनं शेजारी बसून मला सांगायचं, काय चुकलं ते. "आधी मेलेल्याला सांगा," दाजी बजावत, "मग जित्याला सांगता येतं. आन् 'प्रयत्न केले' म्हणू नका, काय केलं ते म्हणा!"

सुरुवातीला सगळे फिदीफिदी हसत. मग आवाज बदलत. चादरीतून नुसत्या सावल्या दिसायच्या, आणि बोलणारा आपल्याशी बोलतच नाहीये हे कळून माझा घाम गार होई. एकानं तर हळूच विचारलं, "अजून दुखतंय का?" मी उत्तर देणार होतो! नर्सबाई भाजीबाजारात मला बघून अजून रस्ता बदलतात.

आमची अक्का जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. धडधाकट बाई, भरदुपारी घरातच गेली. कशानं, ते दाजींनी सांगितलं नाही. आई मला दर शनिवारी म्हणे, "जातोच हाईस तर जावयाला इचार की रे, माझ्या लेकीला काय झालं." मी आपला मरून परत यायचो, न विचारताच.

एका शनिवारी पाण्याचा टँकर आला. दुष्काळच तसला, डॉक्टर, नर्सा, सगळे घागरी घेऊन पळाले. मी चादरीखाली तसाच. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"छातीत दुखतंय म्हणालीस," दाजी बोलत होते. "मी पित्त म्हणालो. नाडीसुदीक बघितली न्हाई. गोळी ठेवली आन् कामावर आलो."

बाहेर उन्हाच्या झळा, आणि मला हुडहुडी. त्या वॉर्डात आम्ही दोघंच होतो, असं मी आजही शपथेवर सांगणार नाही.

मग त्यांनीच चादर ओढली. डोळे लाल झालेले.

"ऊठ. आई घरी हायत ना? माझ्यासंगं चल," म्हणाले. "एकट्यानं तीनदा दारातनं परत आलोय."