डॉक्टरांनी केलेली क्लचची शस्त्रक्रिया

"संध्याकाळपर्यंत ही गाडी चढ चढली नाही, तर ती विकायची," बायकोने डॉक्टरांना बजावलं. डॉक्टर दातांचे. पण जीव सगळा त्या लाल, दोन दारांच्या, हाताने गिअर टाकायच्या सुसाट गाडीत. हल्ली घरासमोरच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी ढिम्म हलायची नाही आणि जळका वास सुटायचा. क्लच झिजला होता.

"गॅरेज कशाला? रोज दाढा उपटतो मी," डॉक्टर म्हणाले. नवा क्लच आणि इंजिनाच्या पाठीला बसणारं फ्लायव्हील नावाचं जड चाक, दोन्ही खोक्यातून आली होती. मदतीला बायकोचा धाकटा भाऊ होता. दोन दिवसांसाठी आलेला. घरात त्याला टापटीप म्हणत, कारण समोरच्याचा चहा संपायच्या आत तो कप विसळून ठेवायचा.

दोघांनी घाम गाळून गिअरबॉक्स उतरवला. जुना क्लच आणि जुनं फ्लायव्हील काढून चादरीवर नव्यांच्या शेजारी ठेवलं. डॉक्टर पाठ धरून आत जरा आडवे झाले. बाहेर आले तेव्हा एक जोडी चादरीवर चकाकत होती आणि दुसरी, तेलकट, चिकट, खोक्यात गेली होती.

"जुनं आत टाकलं का?"

"हो, भाऊजी. कसलं चिकट झालं होतं! हातसुद्धा लावू नका."

डॉक्टरांनी चकाकणारी जोडी कौतुकाने बसवली. उन्हं उतरायला लागली तेव्हा गाडी सुरू झाली आणि सपाट रस्त्यावर एक चक्कर झाली.

"लोण्यासारखी चालतेय!" टापटीप म्हणाला.

"पेडल बघ, कसं हलकं झालंय," डॉक्टर म्हणाले. खरं तर पेडल होतं तसंच होतं.

बायको चढाच्या माथ्यावर हाताची घडी घालून उभी राहिली. टापटीपला शेजारी बसवून डॉक्टरांनी पहिला गिअर टाकला. गाडी अर्ध्यावर ऐटीत गेली, मग इंजिन बोंबलायला लागलं, गाडी जागच्या जागी थबकली आणि तोच जळका वास आला. डॉक्टरांनी हँडब्रेक ओढला.

"नवा क्लच कसा घसरेल?" डॉक्टरांचं डोकं चालेना. "उलटा बसवला का?"

"उलटा असता तर पहिला गिअरच पडला नसता. क्लचवर ऑइल गळलं असेल."

"सगळं कोरडं ठणठणीत आहे. चढच वाढला की काय?"

टापटीपने विचारात पडून डॅशबोर्ड पुसला. "भाऊजी, नवा माल तेलकट असतो का हो?"

"असणारच. गंज लागू नये म्हणून कंपनी तेल फासूनच..." डॉक्टर थांबले. "तू चादरीवर काय घासत होतास?"

"निळे डाग होते चाकावर. पॉलिश पेपरने घासले. क्लचची तबकडीपण पुसली. म्हटलं, स्वच्छ बसवू."

डॉक्टरांच्या डोक्यात आत्ता उजेड पडला: निळे डाग तापून जळलेल्या जुन्या चाकावर पडतात, आणि खोक्यात गेला तो तेलकट माल नवा होता. दिवसभर राबून त्यांनी जुनाच क्लच काढून, जुनाच परत बसवला होता!

बायको खाली उतरून खिडकीशी आली. "नव्या क्लचनेही चढत नाही ना? मग उद्या गिऱ्हाईक बघते."

गप्प बसावं तर गाडी जाणार, बोलावं तर अब्रू. डॉक्टरांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. खूप वाईट वाटलं त्यांना.

"गाडीचा काही दोष नाही," ते हळूच म्हणाले. "नवा क्लच खोक्यातच आहे. आम्ही जुनाच परत बसवला."

 हसून हसून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असं आहे होय? मग नका विकू."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

"पण तो गिअरबॉक्स एकट्याने उतरतो का?"

"छे! दोघं लागतात."

"मग झालं तर." ती शेजारच्या सीटवरच्या भावाकडे वळली. "तू महिनाभर राहा रे आता. यांचं काम व्यवस्थित होऊन जाऊ दे."

"राहतो की, ताई," टापटीप खुशीत म्हणाला. "भाऊजींच्या दवाखान्यातली ती हत्यारंही एकदा नीट लावून देतो."

डॉक्टर समोरच्या चढाकडे बघत राहिले. गिऱ्हाईक उद्याच मिळेल का, हे विचारावं की काय, असं त्यांना वाटून गेलं.