आयर्लंडचा अभ्यास

परदेशी उच्चशिक्षणाचा पाया मोरीत घातला जातो, हे सत्य आपल्या विद्यापीठांनी अजून अभ्यासक्रमात घेतलेलं नाही. त्यामुळे नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात राहणाऱ्या अंकितलाही ते तेविसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

अंकितला आयर्लंडच्या एका विद्यापीठात आकडेवारीच्या विश्लेषणात एमएस्सी करायला प्रवेश मिळाला होता. इंग्रजीची परीक्षा झाली होती. 'मला हाच विषय का शिकायचा आहे' हा दोन पानी निबंधही झाला होता. कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाणारे कोळशाचे ट्रक मोजता मोजता बालवयातच आपल्याला आकड्यांची गोडी लागली, असं त्याने त्यात लिहिलं होतं. (कोराडीला तो आयुष्यात दोनदा गेला होता. दोन्ही वेळा देवीच्या दर्शनाला, आणि दोन्ही वेळा गाडीत झोपून.)

ही सगळी कागदपत्रं परदेशी पाठवणी करणाऱ्या संस्थेच्या मधुवंती मॅडमनी तपासली, फाइल मिटली आणि विचारलं, "पोछा मारता येतो?"

अंकितने आईकडे पाहिलं.

"आमच्याकडे बाई आहे ना," देवकीताई म्हणाल्या.

"तिचं ॲडमिशन झालंय का?"

मॅडमचं म्हणणं रास्त होतं. शिकता शिकता आठवड्याला वीस तास काम करायची मुभा असते, आणि हे काम बहुधा कुठल्यातरी उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला असतं. शिवाय खोलीत चार जण राहणार. संस्थेने गेल्या वर्षी पाठवलेल्या एक्केचाळीस विद्यार्थ्यांपैकी अडतीस जणांनी पोहोचल्यावर पहिला फोन आईला केला होता. विषय : कुकर. (उरलेल्या तिघांना कुकर कशाला म्हणतात याची कल्पना नव्हती.) सबब संस्थेने सहा आठवड्यांचा 'परदेश निवास व श्रमकौशल्य पूर्वतयारी वर्ग' सुरू केला होता. त्यात झाडू, पोछा, कणीक, संडास धुणे (लेखी व प्रात्यक्षिक), आठ तास न बसता उभे राहणे, आणि भांडी हा अनिवार्य विषय. उत्तीर्ण झाल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे.

अंकित अभियंता होता. त्याने आठवडाभर भांडी घासण्याचे व्हिडिओ पाहिले आणि वहीत टिपणं काढली. परीक्षेत त्याच्यापुढे चाळीस भांडी आणि सावजी रस्सा करपलेली एक कढई ठेवण्यात आली. एक तासाने परीक्षकांनी शेरा लिहिला : 'उमेदवाराने कढईला पाणी दाखवले. कढईने ओळख दिली नाही.' शंभरपैकी अकरा गुण. दुसऱ्या खेपेला नऊ. तिसरी खेप शेवटची.

घरावर सुतक आलं. वडील मनोहरराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी खानदानात आजवर कुणी नापास झालं नसल्याचं चारदा सांगितलं. खानदानात आजवर कुणी भांडी घासली नसल्याचं त्यांनी सांगितलं नाही, कारण ती घासणाऱ्यांची ते खानदानात मोजदाद करत नसत. अखेर देवकीताईंनी अकरा वर्षांपासून घरी येणाऱ्या सिंधूताईंपुढे विषय काढला.

"सिंधू, अंकितला जरा भांडे शिकव ना."

"काहून वं वहिनी, मी का चुकली?"

"अगं, तसं नाही. त्याला आयर्लंडला जायचं आहे."

सिंधूताईंनी थोडा विचार केला. अकरा वर्षांत या पोराने ताट उचलल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि आता त्याला ते उचलायला समुद्रापार जायचं होतं. पण मोठ्या लोकांच्या रीती वेगळ्या असतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पदर खोचला.

शिकवणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. देवकीताईंनी आधी मोरीची खिडकी लावून घेतली. मुलगा घरची भांडी घासतो हे कॉलनीत कळलं असतं तर त्याच्या लग्नाला बाध आला असता. (हाच मुलगा परक्यांची भांडी घासू लागला की संत्रा बर्फी वाटायची, हे आधीच ठरलेलं होतं.)

"घासणी धर. अशी नाही. कढईले गुदगुल्या करून राहिला का गा?"

"मावशी, व्हिडिओत गोल फिरवतात."

"व्हिडिओवाल्याची कढई करपली होती का? बुडापासून घे. मनगटानं. पाणी बंद कर आधी, नळ का तुह्या सासऱ्याचा हाये?"

तिसऱ्या दिवशी त्याच्या बोटांना चिरा पडल्या. तो मलम शोधत होता, तेव्हा सिंधूताईंनी खोबरेल पुढे केलं. त्यांच्या बोटांच्या चिरा अंकितने तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. त्याने लगेच आकडेवारी गोळा करायला घेतली. आठवडाभर रोजची भांडी मोजून तक्ता केला. तीन माणसांच्या घरात दिवसाला त्रेसष्ट भांडी निघत होती. त्यांपैकी एकोणतीस एकट्या त्याची. त्यातले अकरा पाण्याचे पेले. त्या दिवसापासून तो एकाच पेल्याने पाणी पिऊ लागला. सिंधूताई मोरीत आल्या, ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "आता शिकला तू."

तेवढ्यात घात झाला. समोरच्या कुसुमताई विरजण मागायला थेट स्वयंपाकघरात आल्या. मोरीत अंकित, बाह्या वर, कोपरापर्यंत फेस. बाजूला पाटावर सिंधूताई बसलेल्या.

"काहून वं देवकी, पोट्टा भांडे घासून राहिला?"

देवकीताईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या बँकेच्या घरातल्या होत्या.

"आयर्लंडचा अभ्यास करून राहिला," त्या म्हणाल्या.

कुसुमताईंच्या चेहऱ्यावरची कीव बघता बघता मावळली. त्या विरजण विसरल्या. "आमच्या ऋषिकेशलेही बसवा ना वं सोबत," त्या म्हणाल्या. महिनाअखेर कॉलनीतले पाच पदवीधर त्या मोरीत रांगेने बसू लागले, आणि खिडकी सताड उघडी राहू लागली.

तिसऱ्या खेपेला अंकितला एक्क्याण्णव गुण मिळाले. कढईत परीक्षकांना स्वतःचा चेहरा दिसला आणि ते गंभीर झाले. हा चमत्कार कुणी केला याची मधुवंती मॅडमनी चौकशी केली, आणि सोमवारी सिंधूताईंची 'प्रमुख प्रात्यक्षिक मार्गदर्शक' या पदावर नेमणूक झाली. टेबल, पंखा, नावाची पाटी. विद्यार्थ्यांनी त्यांना 'मॅडम' म्हणावं असा नियम निघाला.

"अगं सिंधू, पण आमचं काय?" देवकीताईंनी कळवळून विचारलं.

"अंकित हाये ना, वहिनी. पास झाला तो."

व्हिसा यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे अंकितने घरची भांडी घासली. मनोहरराव त्याला रोज 'सराव सोडू नको' असं सांगत आपलं ताट पुढे सरकवत. निघायच्या आदल्या दिवशी तो संस्थेत जाऊन सिंधूताईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला वरच्या वर धरलं.

"पाया नको पडू. कोपराले साबण राहते तुह्या, तेवढं पाहत जा." मग म्हणाल्या, "आन् जेवत जा बापा टायमावर."

अंकित गेला. तिथे त्याला आठवड्याला वीस तासांचं काम लागलं. एप्रन घातलेला त्याचा फोटो मनोहररावांनी फिरायला येणाऱ्या मंडळींना दाखवला. पोरगा स्वतःच्या पायावर उभा राहिला, असं सगळ्यांचं मत पडलं. (ते शब्दशः खरं होतं. कामाच्या जागी बसायला बंदी होती.) बर्फी वाटली गेली.

घरी मात्र नवी बाई मिळेना. कॉलनीतल्या चांगल्या बाया सिंधूताईंनी सहाय्यक मार्गदर्शक म्हणून नेल्या होत्या. पंधराव्या दिवशी देवकीताई भांड्यांच्या ढिगापुढे उभ्या राहिल्या आणि मनोहररावांना म्हणाल्या, "फॉर्म भरा." पासपोर्ट नसलेल्या माणसांसाठी संस्थेने आता वेगळी बॅच काढली आहे. मनोहरराव तिथे तिसऱ्या रांगेत बसतात, हात वर करून प्रश्न विचारतात, आणि सिंधूताईंना मॅडम म्हणतात. पहिल्या चाचणीत त्यांना सात गुण मिळाले. खानदानाचा विषय ते हल्ली काढत नाहीत.

या बॅचमध्ये अजून थोड्या जागा आहेत. आपण इथवर मजेत वाचत आलात, त्या अर्थी आपल्याही मनात प्रवेश घेण्यालायक दोन-चार नावं आली असतील. दिराचा मुलगा, ऑफिसातले साहेब वगैरे. त्यांचे अर्ज सावकाश पाठवा. तूर्त प्रवेशपरीक्षा आपली आहे. हे वाचताना आपल्या शेजारी चहाचा कप रिकामा झाला आहे. तो उठून आत नेऊन ठेवायचा. घासायचा नाही, फक्त न्यायचा. आणि जागेवरून हाक मारायची नाही. आत ऐकू जातं आणि कुणीतरी हातातलं काम टाकून येतं, तोच तर घोटाळा आहे.