आठशे पानांवर एक पान

राजारामपुरीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या पृथ्वीराज सरांनी २००३ सालच्या मे महिन्यात वेबसाइट बनवण्याच्या शास्त्रावर आठशे बारा पानांचं सर्वंकष पुस्तक लिहिलं, आणि तो गठ्ठा प्रसेनजीतपुढं आदळला.

"वर्गात हुशार तूच हाईस. विद्यार्थी म्हणून पानभर अभिप्राय दे, मागच्या कव्हरवर छापायचाय. मनापासून लिही. जूनपासनं संध्याकाळची बॅच तुझी!"

प्रसेनजीत विरघळला. त्याच्या आबांनी नेसरीत 'पोरगं सर झालं' म्हणून आधीच गावभर सांगून ठेवलं होतं. आता नोकरी मिळणं भागच होतं.

दहा दिवस बसून त्यानं पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. हा वेडेपणा खुद्द लेखकानंही केला नव्हता. शेजारच्या खुर्चीवरची रूपाली वैतागली.

"अरं, अभिप्राय म्हंजे सत्काराचं भाषण असतंय. नुसतं चांगलं लिहायचं."

"पण सर मनापासून लिही म्हणाले की."

"लग्नात 'सावकाश होऊ द्या' म्हणत्यात, म्हणून तू काय दिवस मावळंपर्यंत जेवत बसतोस व्हय?"

प्रसेनजीतनं ऐकलं नाही. सरांनी त्याचा कागद हातात घेतला, पान भरलंय एवढं पाहिलं आणि खूश होऊन शिवाजी पेठेतल्या छापखान्यात धाडून दिला. छापखान्यानं तो जुळवला. वाचणं काही त्यांच्या कामात बसत नव्हतं. कच्चं कव्हर तपासायला आलं तेव्हा सरांनी आपल्या फोटोतल्या मिशा नीट तपासल्या. हजार प्रती छापून झाल्या.

प्रकाशनाला तालमीचे अध्यक्ष आण्णा पाहुणे. कॉम्प्युटरला त्यांनी दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापुरताच हात लावलेला. फेटा सावरत त्यांनी पुस्तक उलटं केलं आणि पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे मागचं कव्हर माइकवर खणखणीत वाचायला घेतलं.

"'चौऱ्याण्णव पानावरचा कोड चालत नाही. सातवं प्रकरण म्हणजे चौथंच, फक्त नाव बदललेलं. तीनशे दहा पानावरची डेअरीची वेबसाइट उघडली की पडदाभर म्हैस येते आणि काही केल्या हटत नाही. शेवटची साठ पानं टिपांसाठी कोरी आहेत. त्यांत एकही चूक सापडली नाही.'"

प्रसेनजीत खुर्चीत खाली सरकला. बॅच गेली, आणि आता आबांना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

आण्णांनी चष्मा काढला. "आयला! पुस्तक वाचून अभिप्राय लिवल्याला पहिल्यांदाच बघतोय मी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर मुरलेले क्लासवाले होते. त्यांनी माइक हिसकावला.

"मुद्दाम ठेवल्यात चुका, आण्णा! पोरांनी शोधाव्यात म्हणून! ज्यास्नी घावणार न्हाईत त्यांनी क्लास लावावा. शिकवायला आमचे प्रसेनजीत सर हाईतच!"

आठवड्यात एका बॅचच्या तीन झाल्या. आबांनी आता शेजारच्या गावांतही सांगायला सुरुवात केली. उपकाराची फेड म्हणून प्रसेनजीतनं दुसऱ्या आवृत्तीसाठी झाडून सगळ्या चुका दुरुस्त केल्या आणि गठ्ठा सरांपुढं ठेवला. सरांनी पानं चाळली, दोन-चार उदाहरणं चालवून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे सगळं चालतंय की रं!"

"व्हय, सर."

"मग क्लास कोण लावंल? तुझ्या तीन बॅचा कशावर चालायच्या?"

प्रसेनजीतनं गठ्ठा आपल्याकडं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"एका प्रकरणात किती घालू, सर?"