शोर हाय ती गल्ली सोडा

लग्नात पाहुणे बसवायचं काम हबीबचाचांना चुकूनही देऊ नका. आमच्या बिलोलीत एकदा दिलं होतं. चाचा कुठं किती ऐकू येतं ते बघायला मांडवभर टाळ्या वाजवत, कान देत फिरले आणि जनरेटरशेजारी कमी ऐकू येणारे सगळे म्हातारे नेऊन बसवले. "इथं शोर हाय. इथं बोलणारी माणसं वाया कशाला घालायची?" हिशेब बरोबर होता. फक्त त्यात नवरदेवाचे चुलते निघाले. ते बहिरे नव्हते, बायकोला उत्तर देत नव्हते एवढंच! जेवण बाजूला राहिलं आणि नुसता तमाशा झाला. चाचा मला शांतपणे म्हणाले, "बाई, यालाच डीएमटी म्हणत्यात."

मी शाळेत शिकवते आणि चाचांची भिंतीला भिंत लागून शेजारीण आहे, म्हणजे हे डीएमटी मी किती ऐकलं असेल बघा. चाचा टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाले. फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं तेव्हा त्यांना कुठंसं या डीएमटीच्या, म्हणजे ‘डिस्क्रीट मल्टिटोन’च्या, ट्रेनिंगला पाठवलं होतं. ते तिथून परत आलेच नाहीत असं माझं मत आहे.

"एक तार हाय. तिच्या अडीचशे गल्ल्या पाडायच्या," चाचा सुरू करत. "खालच्या गल्लीत माणसाचं बोलणं, वरच्या गल्ल्यांत इंटरनेट. मोडेम दर टायमाला चालू झाला की पयले हर गल्लीत जाऊन हाक मारतो आन् कान देतो. जवाब साफ आला, तिथं जास्त माल. खरखर हाय, तिथं थोडा. काहीच न्हाई, ती गल्ली सोडा. पण तार तोडायची न्हाई! बाकीच्या गल्ल्या चालू हायत ना?"

"चाचा, आता फायबर घ्या," मी वैतागून म्हणायची. "माझा सिनेमा अडकत नाही. तुमचं ते चाक गोल गोल फिरतंय."

"काच हाय ती. मोडली की खतम. तांबं अर्धं सडलं तरी बोलतं." आणि मग मान वाकडी करून ठरलेला प्रश्न, "तुमच्या काचंत ही सोय हाय का?"

भाजीवाल्यापासून माझ्या गुडघेदुखीपर्यंत सगळ्याला हाच इलाज. डावा दुखतो? शोर हाय ती गल्ली सोडा, उजव्यावर जास्त माल टाका. टाकला. आता दोन्ही दुखतात.

मागच्या वर्षी जुबेदाचाचींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता फार आशा धरू नका. चाचांनी ऐकून घेतलं आणि घरी आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस डीएमटी विसरेल.

एका सकाळी मी त्यांचं भांडं परत द्यायला गेले आणि दारातच थांबले. चाचा खाटेशी बसले होते.

"जुबेदा, चाय पीती क्या?" चाची गप्प. चाचा थांबले, कान दिला. "ये कौन आए, देख." गप्प. "एक, दो, तीन..." आणि चाचींच्या तोंडून आलं, "चार." मग चाचांनी बायका लग्नात म्हणतात त्या गाण्याची अर्धी ओळ म्हटली. उरलेली अर्धी चाचींनी वाकड्या तोंडानं, पण सुरात पुरी केली. चाचा माझ्याकडं बघून हसले. "दोन गल्ल्या साफ हायत, बाई." मला रडू आलं. भांडं तसंच हातात घेऊन मी घरी परत आले.

ते रोज सकाळी चालायचं. भिंतीतून मला ऐकू यायचं. दिवाळीनंतर आकडे बंद पडले. मग फक्त गाणं राहिलं.

परवा खांबावरची तांब्याची तार उतरवायला माणसं आली. या माणसाचा जीव त्या तारेत, आता काय रडारड होते कुणास ठाऊक, म्हणून मी धावत सांगायला गेले. "चाचा, तार काढतायत!"

"हाव, काढू द्या," ते म्हणाले. वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी गाण्याची अर्धी ओळ म्हटली आणि कान दिला. पुन्हा म्हटली. चाचींचे डोळे उघडे होते, पण ओठ हलले नाहीत. बाहेर तारेचं वेटोळं रस्त्यावरून फरफटत गेल्याचा आवाज आला.

मी म्हणाले, "चाचा, बस करा आता." बोलायला नको होतं, पण मला बघवत नव्हतं.

त्यांनी चाचींचा डावा हात हातात घेतला, मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं. "गल्ली बंद पडली तरी मोडेम विचारायचं सोडत न्हाई, बाई. तुमच्या काचंत ही सोय हाय का?"

आजवर या प्रश्नावर मी किती भांडले. "न्हाई, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले, खाटेकडं सरकून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "जुबेदा, चाय पीती क्या?"